वजन गेलं, टेबल राहिलं

सणसरच्या आबांनी मला फसवलं. मालात नव्हे. डाळिंबाच्या व्यवहारात मला कुणी फसवत नाही, फळ नुसतं हातात घेतलं तरी आतला दाणा कसा असेल ते मी सांगतो. आबांनी मला जेवायला घालून फसवलं. आग्रह करकरून, वाढून वाढून फसवलं. आणि मी दर मोसमात ढेकर देऊन त्यांचे आभार मानत आलो.

यंदा त्यांच्या ओसरीवर काय झालं ते सांगतो.

बाग बघून झाली होती. भाव ठरला होता. आबा मोठे बागायतदार, ऊसही आहे आणि डाळिंबही. त्यांच्या घरची रीत अशी, की भाव ठरला की व्यापाऱ्यानं जेवूनच जायचं. जेवणाआधी दिलेला शब्द ते पक्का धरत नाहीत. आत सोप्यात पंगत मांडली होती. आबा बसले, त्यांचा मुलगा संग्राम बसला. माझ्या पिकअपचा ड्रायव्हरही आत जाऊन बसला. आणि बाहेर ओसरीवर एक टेबल, एक खुर्ची, टेबलावर परातीएवढं एक ताट. ते माझं.

मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. म्हणालो, "आबा, आता मला मांडी घालता येतीय. आत बसतो."

आबांनी वर बघितलं नाही. "हितंच बसा, शेठ. ती तुमची जागा हाय."

ओसरीवर कुणी हसलं नाही, कुणी काही टाकून बोललं नाही. तरी माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. का वाजलं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी सांगवीचा. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली आणि आमच्या घरानं जुनी, लादलेली सगळी कामं सोडली. पण लग्नातलं जेवण सुटलं नव्हतं. गावात मोठं लग्न असलं की आम्ही पोरं आपापली ताटली घेऊन मांडवाच्या मागं जाऊन बसायचो. सगळ्या पंगती उठल्यावर वाढपी यायचा. उंचावरून टाकायचा, त्याच्या पळीला ताटली लागू नये म्हणून. भात ताटलीत पडायचा, आमटी गुडघ्यावर. एकदा मी आणखी भात मागितला. वाढपी बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "ह्यांची पोटं भरायची म्हंजी हिरीत पाणी वतायचं काम." सगळे हसले. शेजारी बसलेला माझा बापही हसला. वाढप्याचं बोलणं मी विसरलो असतो. बापाचं हसणं विसरता आलं नाही.

मी शपथ वगैरे काही घेतली नाही. एवढंच डोक्यात बसलं, की ज्याच्याकडे पैसा असतो त्याला लोक बसवून वाढतात. इंदापूरच्या बाजारात क्रेट उचलण्यापासून सुरुवात केली. मग दुसऱ्याच्या मालाची दलाली. मग स्वतःचा माल. आज बारामतीत एमआयडीसीजवळ माझं पॅकिंगचं शेड आहे. भाव करताना मी ओरडतो, मधेच उठून गाडीकडे चालायला लागतो, परत बोलावलं की येतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणू देत. गोड बोलल्यामुळं मला कधी कुणी भाव दिलेला नाही.

आणि मी खाल्लं. हातात पैसा आल्यावर लोक बंगला बांधतात, मी आधी पोट बांधलं. बाजरीच्या भाकरीची चवड, काळ्या मसाल्याचं मटण, वर रस्सा ओरपायचा. ताटात काही टाकायचं नाही. मला खाताना बघायला लोक जमायचे. घरच्या काट्यावर माझं वजन मावेना, तेव्हा मी शेडमधल्या क्रेटच्या काट्यावर उभा राहायला लागलो. हमाल म्हणायचे, शेठ, आज तुमचा भाव काय. मीही हसायचो.

आबांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा हे टेबल काकींनी मांडलं. काकी म्हणजे आबांची बायको. म्हणाल्या, "खाली बसाया पोटाचा तरास हुईल तुमाला." खरंच होत होता. मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरच्या बाईनं आपल्या पोटाची काळजी केली. मग ते ताट आलं. परातीएवढं, जाड काठाचं. काकी म्हणाल्या, शेठचं खाणं मोठं, त्यांना आमच्या ताटानं भागायचं न्हाय. पुढच्या मोसमात तेच ताट. त्याच्या पुढच्यालाही तेच. दुसऱ्या व्यापाऱ्यांना मी फुशारकीनं सांगायचो, की सणसरला आबांच्या घरी माझं स्वतःचं ताट आहे.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एकदा ती सोबत होती. तिलाही बाहेरच खुर्ची टाकली. ती अंगानं काडी. येताना गाडीत तिनं विचारलं, मला का बाहेर? मी म्हणालो, नवरा बाहेर बसलेला असताना बायकोला आत कशी बसवतील. त्यानंतर ती सणसरला कधी आली नाही. दर वेळी शाळेचं काहीतरी काम निघायचं.

मग शरीरानं हिशेब मागितला. साखर वाढली. गुडघे गेले. झोपेत श्वास अडकायला लागला. बायको माझ्या छातीवर हात ठेवून जागी राहायची. शेवटी पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग कापून काढला, केळ्याएवढी नळी ठेवली. डॉक्टर म्हणाले, आता हेच तुमचं पोट.

माणसाला खायला परत शिकावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. आधी पाणी, तेही घोटघोट. मग डाळीचं पाणी. मग कुस्करलेलं. मग मऊ. आता सगळं खातो, पण एक वाटी. आधी अंडं किंवा डाळ किंवा मासा, मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. घास बोराएवढा. तोंडातच त्याचा लगदा झाला पाहिजे. जेवताना पाणी नाही. दोन घासांच्या मधे चमचा खाली ठेवायचा. एक घास जास्त झाला तर छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि नुसता फेस बाहेर पडतो. गोड जास्त गेलं तर घाम फुटतो, काळीज धडधडतं. आहार सांगणारी मुलगी म्हणाली होती, काका, ताट लहान घ्या, चमचा लहान घ्या, कुणी आग्रह केला तर ऐकू नका. बायकोनं फळीवरून आमच्या मुलीच्या उष्टावणाची वाटी काढली. मी त्या वाटीत जेवतो.

भूक गेली. डोळ्यांची भूक जात नाही. लोकांच्या ताटाकडे बघत बसतो. आणि थकतो. खूप थकतो. पूर्वी भावावरून दिवसभर भांडायचो, आता दोन बागा झाल्या की गाडीत डोळे मिटून पडतो. रागवायलासुद्धा पोटात काहीतरी असावं लागतं.

तर असा मी यंदा सणसरला गेलो. अर्ध्यावर आलेला माणूस. आबांनी आधी मला ओळखलंच नाही. मग म्हणाले, शेठ, लईच वाळला की. बागेत मी त्यांच्याबरोबर सगळ्या ओळी फिरलो. पूर्वी बांधावर खुर्ची टाकून बसायचो. मांडी घालून खाली बसलो, फळ कापून दाणा बघितला, आबांसमोरच. म्हणजे मला खाली बसता येतं हे आबांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

तरी टेबल बाहेरच.

मी खुर्चीवर बसलो. भांडायचं त्राण नव्हतं, उन्हात फिरून आलो होतो. सूनबाई वाढायला आली. संग्रामची बायको, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नसेल. मी तिला म्हणालो, माझं ऑपरेशन झालंय, मला थोडंच वाढ, अळणी रश्श्यातल्या दोन मऊ फोडी आणि चमचाभर भात. तिनं तेवढंच वाढलं. त्या परातीएवढ्या ताटात ते कोपऱ्यात पडलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या ताटाचा तळ दिसला.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. दुकानातून भांडं घेतलं की तिथंच मशीननं नाव कोरून घेतात. आबांच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आबांचं नाव आहे. पाण्याच्या हंड्यावर आहे, ड्रायव्हरला दिलेल्या तांब्यावर आहे, सूनबाईच्या हातातल्या पातेल्यावरही होतं. माझ्या ताटावर काही नव्हतं. राखेनं घासून घासून चरे पडलेलं, कोरं. त्याच्यावर कायम भाकरी, भात, मटण रचलेलं असायचं. तळ दिसायला मी कधी जागाच ठेवली नव्हती.

मी सूनबाईला म्हणालो, "पोरी, एवढ्या ताटात मला खाता येत न्हाय. घरातली एक लहान वाटी दे."

ती लगेच आत वळली. वाट्या मांडणीवर रांगेनं लावलेल्या मला बाहेरून दिसत होत्या. तिनं हात वर केला. काकींनी तिला हाक मारली. चुलीपाशी दोघींचं काहीतरी हळू बोलणं झालं. मग ती बाहेर आली. हातात कागदाचा द्रोण होता. गाड्यावर भजी देतात तसला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

आतून काकी म्हणाल्या, शेठ, घ्या की, घास तरी उचला, आमचं अन्न गोड लागंना का आता. आबा म्हणाले, खावा, खावा. नेहमीचा आग्रह. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आग्रह झाला म्हणून घास उचलला. मोठा उचलला. न चावता गिळला. छातीत दगड बसला. मी उठलो आणि घराच्या मागं धावलो, गोठ्याच्या भिंतीला हात लावून वाकलो. फेस आला.

डोळे पुसून वर बघितलं. समोर गोठ्याची फळी. फळीवर जनावरांच्या औषधाची बाटली, दावं, आणि एक स्टीलचा तांब्या-पेला. तो पेला मला ठाऊक होता. त्याचा काठ एका ठिकाणी चेपलेला, दर मोसमात माझ्या ओठाला लागायचा. वर एक मोठा खिळा, रिकामा. भिंतीवर ताटाच्या आकाराचा गोल डाग पडलेला.

माझ्यासाठी पाणी न्यायला सूनबाई तिथं आली होती. तिनं फळीकडे हात केला, आणि मी दिसलो. हात तसाच राहिला. तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "भाऊ, मी नवीन हाय ह्या घरात."

एवढंच. ते पुरलं.

मी ओसरीवर परत आलो. टेबलापाशी थांबलो नाही. उंबऱ्यापाशी गेलो. आत सगळे जेवत होते. माझा आवाज चढला नाही, चढवायला ताकदच नव्हती. मी म्हणालो, "आबा, भाव ठरला त्यो ठरला. आता एकच अट घालतो. मला आत बसवा आणि मांडणीवरची एक वाटी द्या. चार घास खातो. सौदा पक्का."

आबांनी घास चावून संपवला. पाणी प्याले. मग म्हणाले, "किलोमागं थोडं कमी करतो, शेठ. इषय वाढवू नगा."

मी जन्मभर भाव उतरवत आलो. एकेका रुपयासाठी लोकांच्या बांधावर घसा फोडलाय. आणि हा माणूस न मागता भाव उतरवत होता. ते टेबल तिथंच राहावं, वाटी मांडणीवरच राहावी, एवढ्यासाठी तो स्वतःच्या मालाचे पैसे सोडायला तयार होता. तेव्हा मला त्या वाटीची खरी किंमत कळली. माझी नाही, वाटीची.

मी म्हणालो, "मग सौदा मोडला."

काकी चुलीपासून उठून आल्या. म्हणाल्या, "अन्नावरनं उठू नये, पाव्हणं. पाप लागतं."

"बसलोच कुठं हुतो, काकी," मी म्हणालो, आणि पायऱ्या उतरलो.

ड्रायव्हर अर्ध्या भाकरीवरून उठून मागोमाग आला. गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली. मी त्याला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तो म्हणाला, "मला वाटायचं तुमाला ठाव हाय. धंद्यापायी चालवून घेताय."

हे ऐकल्यावर मी डोळे मिटले. ड्रायव्हरला माहीत होतं. बायकोला माहीत होतं. हमालांनाही असेल. फळ न फोडता दाणा ओळखणाऱ्याला एकट्याला माहीत नव्हतं. कारण त्यांनी कारण असं दिलं होतं, की ते रोज माझ्याबरोबर चालत होतं, माझ्या सदऱ्याच्या बटणांतून बाहेर येत होतं. त्यांनी माझी जात माझ्या पोटामागं लपवली. मला शरम वाटली तर जाडीची वाटावी, खुर्ची मिळाली तर उपकार वाटावे. आणि मी ते पोट आणखी वाढवत राहिलो, त्यांच्याच भाकरीनं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणाली नाही. डाळ गरम केली, वाटी पुढं ठेवली, समोर बसली. मी दोन चमचे खाल्ले. तिसरा गेला नाही.

आबांची बाग दुसऱ्या व्यापाऱ्यानं नेली. सणसरमध्ये आता असं बोलतात, की ऑपरेशनमध्ये शेठचं पोट कापताना डोक्यातलंही काहीतरी कापलं गेलं. मोठ्या घरचं अन्न ओकला, भरल्या ताटावरून उठला, वाटीवरून भांडला. वाटीवरून. बाजारात एकानं मला हसत विचारलं, शेठ, वाटी मिळाली का. मी त्याची कॉलर धरली. मग दम लागला, सोडली. क्रेटवर बसून राहिलो. मी थकलोय, हे खरं आहे. पण थकलेला माणूस विसरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला नीट ओळखलेलं नाही.

परवा संग्रामचा फोन आला. संग्राम शेतीचं शिकलाय, कॉलेज करून आलाय. म्हणाला, "शेठ, मी ह्यातलं काय मानत न्हाय. आईचं वय झालंय. समजून घ्या."

मी फोन ठेवला. त्याला जे विचारायचंय ते इथं लिहितोय.

संग्राम, तू मानत नाहीस हे मला माहीत आहे. ऑपरेशननंतर आपण बारामतीत कितीतरी वेळा हॉटेलात बसलो. मी एक प्लेट मागवतो, दोन घास खातो, बाकी तसंच राहतं. आणि तू म्हणतोस, टाकायचं कशाला, शेठ, आणा इकडं. माझ्या ताटातलं माझं उष्टं मटण तू खाल्लंयस. बोटं चाटून खाल्लंयस. त्या वेळी मला वाटायचं, ही पोरं निराळी आहेत.

म्हणून मी काकींना काही विचारत नाही. आबांनाही नाही. त्यांनी भाव सांगितला, माझं उत्तर मी देऊन आलो. मी तुला विचारतोय. त्या दिवशी मांडणी तुझ्या पाठीला होती. हात मागं केला असतास तरी वाटी हाताला लागली असती. तुझ्या नव्या बायकोनं तरी हात वर केला होता. तू भाकरी मोडत बसलास. मी उंबऱ्यात उभा राहून वाटी मागितली, तुझ्या बापानं भाव उतरवला, आणि तू रश्श्यात भाकरी कुस्करत राहिलास. मी बघत होतो.

ज्याला हे पटतं तो ते पाळतो, त्याच्याशी भांडता येतं. तुला पटत नाही आणि तरीही तू पाळतोस. हे मला समजत नाही.

उत्तर मला फोनवर नको. माझ्या शेडवर येऊन, चहा पीत पीत, कानाशी नको. तुझ्या ओसरीवर दे. तुझ्या आईबापासमोर, माझ्या बायकोसमोर, शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दे. ते मिळेपर्यंत तुमच्या बागेचं एकही फळ माझ्या क्रेटमध्ये पडणार नाही, कितीही कमी भाव लावलात तरी. कुणाच्याही घरी, कुठल्याही कारणानं, बाहेर मांडलेल्या टेबलावर मी बसणार नाही. आणि बारामतीत माझ्या ताटात हात घालायचा नाही.

माझं वजन गेलं. तुमचं कारण गेलं. आता खरं कारण सांग. का उठला नाहीस?